ईच अदर की वन अनदर?

आज भाचीला इंग्रजी व्याकरण शिकवायला बसले. आम्ही शाळेत घोकलेलं: 'एकमेकांना' म्हणायचं तर, दोघं असतील तर 'ईच अदर', जास्त असतील तर 'वन अनदर'. ती म्हणाली, "मावशी, असं का?" शोधलं, तर इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ सालीच हा भेद निरुपयोगी ठरवलेला! इतकी वर्षं मी उगाच डोकी मोजत होते.

'ईच अदर्स' (एकमेकांचं) लिहिताना अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, मात्र 'अदर'नंतर, 'एस'च्या आधीच. माणसं कितीही असोत. आणि 'दे लुक्ड अ‍ॅट देमसेल्व्ह्ज' लिहिलंत तर दोघं एकमेकांकडे नाही, आरशात बघतात.

आपलं 'एकमेकांना' बरं, दोन असोत की दोनशे. 'परस्पर' मात्र जपून. "त्यांनी परस्पर ठरवलं" म्हणजे आपल्याला विचारलंच नाही! भाचीही गृहपाठ गुंडाळून परस्पर खेळायला गेली.