शिंजीर की हॉकमॉथ?

फुलासमोर हवेत थांबलेल्या इवल्याशा जीवाचा फोटो कुणी पाठवला की सोबत प्रश्न ठरलेला असतो: हा हमिंगबर्ड ना? हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर रानात सापडतच नाहीत. आपल्याकडे दिसतो तो शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी तरी असतो, नाहीतर हॉकमॉथ, म्हणजे दिवसाउजेडी फुलांवर येणारा एक पतंग. मला दोघेही अतिशय प्रिय आहेत, म्हणून ही गल्लत तशीच राहू द्यावीशी वाटत नाही.

फोटोत लांब मिशा दिसल्या तर तो पतंग, इतकं सोपं आहे. पण प्रत्यक्ष बघायला मिळालं तर मिशा शोधू नका, तो मध कसा पितो ते बघा. जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटरचा. क्षणभर हवेत तरंगता येतं त्यालाही, पण त्याची खरी भिस्त पायांवर. देठ घट्ट धरायचा, जमलं नाही तर उलटं लटकायचं आणि बाकदार चोच आत घालायची. फूल लांब नळीचं असेल तर हा पठ्ठ्या बुडाशीच भोक पाडतो.

हॉकमॉथला अशा आधाराची गरजच नाही. सेफोनोडिस हायलस नावाचा पारदर्शक पंखांचा हॉकमॉथ मी तासन् तास बघू शकते. कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर राखाडी खवले असतात. पहिल्याच उड्डाणात ते झडतात आणि खाली काचेसारखे पंख उघडे पडतात. फुलापासून थोडं अंतर राखून तो जागच्या जागी तरंगतो, गुंडाळलेली सोंड उलगडतो आणि नेमकी नळीत सोडतो. वाऱ्यानं फूल डोललं तर त्याच्याबरोबर हाही डोलतो. उडण्यात शिंजीर त्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

संसारात मात्र शिंजिराची मादी थोर. कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं लोंबतं घरटं ती एकटी विणते, आणि मधावर जगणारी ही जात पिल्लांना मात्र किडे-कोळी भरवते. पतंगाची मादी अनंतासारख्या झाडाच्या पानावर अंडं चिकटवून निघून जाते. पुढचं सगळं सुरवंटानं बघायचं.

शेपटाकडे शिंग असलेला हा सुरवंट बघून लोक घाबरतात आणि लगेच औषध फवारतात. तो चावत नाही, त्या शिंगानं डंखही मारत नाही. माझ्या अनंताची पानं त्यानं खुशाल खावीत. अनंताला पुन्हा पालवी येते.