आधी वारा, मग गारवा

माझ्या मारुती जिप्सीचे बॉनेट कुठेही उघडले की जवळ आलेला माणूस हमखास विचारतो, "डिझेल इंजिन बसवलेत ते ठीक, पण त्यानंतर एसी आणि पंखा चालू कसा केलात?" बहुतेक वेळा विचारणाऱ्याने स्वतःच असा बदल केलेला असतो. त्याचे इंजिन सुरू झालेले असते, गिअर पडत असतात, आणि तरीही भर उन्हात गाडी सिग्नलला थांबली की एसी गरम वारा टाकू लागतो व तापमानाचा काटा वर सरकतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

गाडी १९९८ ची जिप्सी किंग, मूळची पेट्रोलवर चालणारी. पाटण ते चिपळूण असा कुंभार्ली घाटातून वारंवार प्रवास असल्यामुळे २००८ साली मी तिच्यात झेन डिझेलचे १५२७ सीसीचे टीयूडी ५ इंजिन बसवून घेतले. हे इंजिन मूळचे पुजोचे. कल्याणच्या कारखान्यात तयार झालेल्या पुजो ३०९ मध्ये ते होते, मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये होते आणि पुढे चिंचवडच्या प्रीमियर रिओमध्येही आले. एसी हवा होता तो आईसाठी. तिला दम्याचा त्रास असल्याने घाटातल्या धुळीत काचा बंद ठेवणे भाग होते. (इंजिन आणि इंधन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची मंजुरी लागते आणि नोंदणी पुस्तकात तशी नोंद व्हावी लागते. आज नव्याने असे काही करू पाहणाऱ्याने पहिला हेलपाटा गॅरेजला न घालता आरटीओला घालावा.)

जिप्सीच्या मूळ इंजिनात पाण्याच्या पंपाच्या पुलीवरच पंखा असतो. इंजिन फिरले की पंखा फिरतो, त्याला कोणाची आज्ञा लागत नाही. टीयूडी ५ मध्ये पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर आत फिरतो आणि झेनमध्ये इंजिन आडवे असते, म्हणून तिथे पंखा विजेचा असतो. तेच इंजिन जिप्सीत उभे बसवले की रेडिएटरसमोर पंखा बसवायला पुलीच उरत नाही. विजेचा पंखा घ्यावाच लागतो, आणि तो केव्हा फिरावा हे कोणीतरी ठरवावे लागते. जुन्या रेडिएटरला तापमानाच्या स्विचसाठी जागाही नसते. मी रेडिएटरच्या टाकीला पितळी बूश (स्विच बसवायचे कडे) झाळून घेतले आणि त्यात साधारण ९५ अंशांना सुरू होणारा स्विच बसवला. बूश टाकीच्या अगदी वरच्या कडेला घेऊ नये. पाणी थोडे कमी झाले की स्विच हवेत राहतो आणि इंजिन उकळू लागले तरी त्याला पत्ता लागत नाही.

माझी मोठी चूक कामाच्या क्रमात झाली. एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) त्याच्या ब्रॅकेटसकट इंजिनाबरोबरच आला होता, त्यामुळे एसी हे सोपे काम वाटले आणि आम्ही ते आधी उरकले. नव्या नळ्या घातल्या, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकला, गॅस भरला. हमरस्त्यावर गाडी छान गार झाली. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर गर्दीत अडकलो आणि दहा मिनिटांत गारवा गेला. सगळ्यांनी एकमुखाने निदान केले की गॅस कमी आहे. आणखी गॅस भरला, तेव्हा परिस्थिती जास्तच बिघडली. पुढे दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रींनी गॅसचा दाब मोजणारे गेज लावले, तर उच्च दाबाच्या बाजूचा काटा साडेतीनशे पीएसआयच्या (दाबाचे एकक) पुढे गेलेला होता. गॅस कमी असता तर तो इतका चढलाच नसता. रेडिएटरच्या पुढे बसणाऱ्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरमधून उष्णता बाहेर जात नव्हती, आणि आम्ही त्या कोंडलेल्या यंत्रणेत अधिक गॅस कोंबत होतो.

गाडीच्या आतली उष्णता आणि कॉम्प्रेसरच्या कामाची उष्णता अशा दोन्ही उष्णता कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडासमोर आणून टाकतो, म्हणजे रेडिएटरला ताजी हवा मिळतच नाही, आधीच तापलेली मिळते. त्यात हे जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन. याचे ज्वलन सिलिंडरच्या माथ्यावरच्या छोट्या कोठडीत सुरू होते आणि तिच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात उतरते. इतक्या उष्णतेला वाट करून देणारा वारा नसेल, तर एसी आणि इंजिन एकमेकांना तापवत राहतात. म्हणूनच विचारणाऱ्याला मी पहिले वाक्य सांगतो ते असे की एसीचे नाव काढण्याआधी पंख्याचे काम पुरे करा.

मिस्त्रींनी गाडी उभी ठेवून पंखा चालू केला आणि वर्तमानपत्राचे अर्धे पान गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरले. कागद आत ओढला जायला हवा होता; तो बाहेर फडफडला. पंखा उलटा फिरत होता. आत डोकावल्यावर उलगडा झाला. पंखा मुळात रेडिएटरच्या पुढे बसून हवा ढकलणारा होता आणि आम्ही तो मागे, हवा ओढण्याच्या जागी बसवला होता. तारांची अदलाबदल केल्यावर तो योग्य दिशेने फिरला, पण पात्यांचा बाक पुढून ढकलण्यासाठी घडवलेला असल्यामुळे वारा निम्माही येत नव्हता. शेवटी मागून ओढणारा पंखाच घ्यावा लागला.

तेवढ्यानेही भागले नाही. नुसता गोल पंखा रेडिएटरला टेकवला तर तो स्वतःच्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, चारी कोपरे कोरडे राहतात. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून मी पूर्ण रेडिएटर झाकणारे अॅल्युमिनियमचे कव्हर करून घेतले, पंखा त्यात बसवला, आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या कडांना फोमच्या पट्ट्या लावल्या. गाडी उभी असताना बॉनेटखालची गरम हवा बाजूच्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. फोम किरकोळ किमतीचा असतो, पण गर्दीतल्या एसीला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी जपाव्यात. एक म्हणजे अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जाण्याची जोडणी. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंख्याच्या टोकांवर जेमतेम ११.२, कारण पंख्याची अर्थ रंग लावलेल्या पत्र्यावर आवळलेली होती. रंग खरवडून, जाड तार थेट बॅटरीच्या अर्थेपर्यंत नेल्यावर पंख्याचा आवाजच बदलला. दुसरी गोष्ट परवानगीची साखळी. पंख्याच्या रिलेला (पंख्याची वीज जोडणाऱ्या स्विचला) दोन वाटांनी हुकूम मिळायला हवा: पाणी तापले तर रेडिएटरच्या स्विचकडून, आणि एसीचा दाब चढला तर दाबाच्या स्विचकडून. दोघांपैकी कोणीही एकाने सांगितले तरी पंखा फिरलाच पाहिजे. कॉम्प्रेसरचे याच्या नेमके उलट आहे. ब्लोअर, एसीचा थर्मोस्टॅट, दाबाचा स्विच आणि पाण्याचे तापमान १०५ अंशांना पोहोचताच वीज तोडणारा स्विच, अशा सगळ्यांची संमती असेल तरच त्याला इंजिनाशी जोडणारा क्लच लागावा. मी त्या साखळीत आणखी एक कडी घातली: अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की वीज तोडणारा मायक्रोस्विच. साठाच्या आतली अश्वशक्ती असलेले इंजिन घाटात ट्रकला ओलांडत असताना त्याच्यावर कॉम्प्रेसरचे ओझे नसावे, आणि त्या अर्ध्या मिनिटात गाडी आत तापतही नाही.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळत नाही, तो व्हॅक्यूम पंपातून घ्यावा लागतो. ब्रेकला व्हॅक्यूमचे बळ देणाऱ्या बूस्टरची नळी मी जशीच्या तशी राखली आणि पंपाकडून वेगळी बारीक नळी काढून आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वाढवणाऱ्या डायफ्रामला दिली. एसी लागला की तो डिझेल पंपाचा लिव्हर किंचित ओढतो आणि इंजिन थरथरत नाही. बूस्टरच्या नळीला मधेच छेद देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, ब्रेकशी तडजोड करून मिळवलेला गारवा नको.

गॅसचे काम सर्वांत शेवटी केले. सगळा जुना गॅस यंत्राने काढून घेतला, पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतला ओलावा उडवला, नळ्या व्हॅक्यूम धरतात याची खात्री केली आणि एसीचा गॅस आर-१३४ए मोजून, वजनाने भरला. त्याच कॉम्प्रेसरवर उच्च दाबाचा काटा सव्वादोनशेच्या आसपास स्थिरावला.

दर वर्षी होळी झाली की मी कंडेन्सर मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतो, कॉम्प्रेसरच्या पट्ट्याचा ताण पाहतो आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचे अर्धे पान धरतो. गेल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता आईला घेऊन चिपळूणहून निघालो. घाट चढताना पंखा पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद होत होता, काटा मध्याच्या जरासा वर गेला आणि तिथेच राहिला. कोयनानगरला चहासाठी थांबलो तेव्हा गाडीखाली पाणी ठिबकत होते. आईने घाबरून रेडिएटर गळतोय का विचारले. मी वाकून बोट लावून पाहिले. पाणी गार होते, एसीच्या कूलिंग कॉइलचे.