तांबड्या छत्रीखालचा उजेड

रविवार, मार्गशीर्ष वद्य द्वितीया

परवा पौर्णिमा झाली. म्हणजे आज ओहोटी सात-सव्वासाताच्या सुमारास, आणि सूर्योदयही साधारण तेव्हाच. हा मेळ रोज बसत नाही, म्हणून साडेपाचचा गजर लावून उठलो आणि नेरुळहून बेलापूरची लोकल धरली, तिथल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जायला. दार ओढून घेताना आतून आईचा आवाज आलाच, "दिवाळ्याला जातोयस ना? पापलेट बघ मग."

नवी मुंबईला समुद्र कुठे, नुसती खाडी, असं मुंबईकर म्हणतात. कबूल. पण ओहोटीला इथला गाळ तासभर ओला चकचकीत राहतो, ते चौपाटीवर बसून कळणार नाही. पाण्यावर उन्हाचा एक पट्टा पडतो आणि संपलं. गाळावर मात्र पावलाचा ठसा, खेकड्याचं बीळ, दोरीचा ओरखडा, सगळं आपापली सावली धरून बसतं. धुकं म्हणावं की धूळ, असं काहीतरी पसरलेलं होतं. उलव्याच्या बाजूने सूर्य वर आला तो चोखून बारीक झालेल्या लिमलेटच्या गोळीसारखा.

चाळीसेक फोटो काढले. कललेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, जाळ्यावर झोपलेलं कुत्रं. सगळे छान, आणि एकही नवा नाही. कललेल्या होड्या तर माझ्याकडेच दोनशे असतील.

मग पापलेट आठवलं.

मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारी घरं रविवारी उट्टं काढतात. साडेआठलाच मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. एका मावशींची मोठी तांबडी छत्री होती आणि तिच्याखाली सगळंच तांबूस: बर्फ, सुरी, मावशींचे हात. मफलर गुंडाळलेले एक आजोबा आले, हलवा मासा उचलला आणि सरळ दोन पावलं मागे जाऊन उन्हात उभे राहिले.

"आजोबा, हितंच बगा की."

"तुमच्या छत्रीखाली माझे गालसुद्धा ताजे दिसतील," आजोबा म्हणाले, आणि अंगठ्याने कल्ला उघडला.

दोन छत्र्यांच्या फटीतून वीतभर ऊन उतरत होतं. त्यात तो हात, चंदेरी अंग आणि कल्ल्याचा ओला लाल रंग. आजूबाजूला इतका अंधार की कॅमेऱ्याच्या हिशेबावर सोडलं असतं तर त्याने सगळंच उजळून तेवढा हात पांढराफटक केला असता. फोटोचा उजेड दीड स्टॉप, म्हणजे दीड पायरी, खाली आणला. तीन फोटो निघाले. पहिला हलला, दुसऱ्यात कुणाची तरी पिशवी आडवी आली, तिसरा जमला.

एरवी घरी आल्यावर मी सगळं ब्लॅक अँड व्हाइट करतो. खरं सांगायचं तर रंग सांभाळता येत नाहीत म्हणून. छायाचित्रकार रघुबीर सिंग (1942–1999) यांनी काळ्या-पांढऱ्यालाच कला मानणाऱ्या काळात हट्टाने रंगीत फोटो काढले, हे माहीत होतं. पण आज तो लाल काढून टाकला तर आजोबा उन्हात का गेले तेच कळणार नाही.

"नुसता फोटूच काढशील का काय घेशील पन?" मावशींनी हटकलं. स्क्रीन दाखवली. नीट निरखून म्हणाल्या, "हलवा बरा आलाय. मना काली केलीस."

खरंच होतं. उन्हातला हात वाचवायला मी त्यांचा चेहरा अंधारात ढकलला होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दुसरा काढतो म्हटलं. "थांब," म्हणाल्या, पदर सारखा केला आणि छत्री मागे कलवली. सगळं ऊन तोंडावर. डोळे बारीक, मान ताठ, शाळेच्या ओळखपत्रावर असतो तसा फोटो. स्ट्रीट फोटोग्राफी म्हणून शून्य मार्क. दोन मिनिटांत छत्री परत सरळ, कारण बर्फ वितळायला लागला होता. पुढच्या रविवारी हाच प्रिंट करून न्यायचं कबूल केलंय, पाच बाय सात.

घरी आल्यावर आईने पापलेट पिशवीतून काढलं आणि आधी गॅलरीत नेलं. कल्ल्याजवळ दाबून बघितलं, उलटं केलं, परत दाबलं.

"कितीला दिलं?"

मी पन्नास कमी करून सांगितले.