एकच शार्ड

बोरीची राख आमच्या लॅबला नवीन नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठाला तो पांढुरका थर दिसतो, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख, तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त उडत आलेली. थर जाड दिसला की लोक लगेच म्हणतात एवढी राख पडली, अहो पडली थोडीच, बाकीची पावसाने आजूबाजूच्या उतारांवरून वाहून आणून साठवलीय. टोबाचा सगळ्यात मोठा स्फोट ७४ हजार वर्षांपूर्वीचा, पण टोबा त्याआधीही फुटलाय, त्यामुळे बोरीची राख नेमकी कुठल्या वेळची यावर भांडण. एकांनी १४ लाख वर्षं सांगितली, दुसऱ्यांनी साडेसहा-सात लाख, राखेतल्या काचेची केमिस्ट्री बघणारे बरेचजण ७४ हजारावर ठाम. खरं भांडण राखेचं नाहीच, राखेखाली सापडलेल्या दगडी हातकुऱ्हाडींच्या वयाचं आहे.

तर आमच्या पीएचडीच्या पोराने दोन पिशव्या आणल्या, एक राखेची, एक राखेच्या दोन फूट खालच्या गाळाची. ॲसिडमध्ये चुनखडी फसफसून गेली, ६३ मायक्रॉनची चाळणी झाली, मग हेवी लिक्विड, म्हणजे पाण्याहून खूप जड द्रव. त्याची घनता २.५ च्या आत आणायची, थेंब थेंब पाणी घालत, पाकाची तार बघावी तसं, म्हणजे काच तरंगते आणि क्वार्ट्ज बुडतं. हे काम माझ्याइतकं नीट लॅबमध्ये कोणाला जमत नाही, सरांनाही नाही.

गाळ राखेच्या आधी साठलेला, त्याच्या स्लाइडवर काही दिसायला नको होतं. दिसला, एक शार्ड, राखेतल्या काचेचा बारीक तुकडा. तीन बुडबुडे एकमेकांना टेकलेले असताना मधे उरते तशी तीन पायांची स्वच्छ काच. क्रॉस्ड निकॉल्समध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपचे दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवून, स्टेज पूर्ण फिरवला, क्वार्ट्ज असतं तर मधेमधे उजळलं असतं, हा काळा तो काळाच. काचच.

सर म्हणाले, काँटॅमिनेशन, लिहू नका. असेलही. पोराला विचारलं दोन्ही थर एकाच खुरप्याने खणलेस का, तर म्हणे धुतलं होतं सर, कशाने, तर बाटलीतल्या पाण्याने. पण त्याला काय बोलू, त्या दिवशी लाइट गेली होती, चाळण्या धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन बंद, आणि मी राखेची चाळणी नळाखाली धरून तशीच गाळाला वापरली, वर आधी राख आणि मग गाळ असा उलटा क्रम. अशी चूक पोराने केली असती तर मी त्याला लॅबबाहेर काढलं असतं.

आता परत सॅम्पल आणावं तर नदीला पाणी सोडलंय, सेक्शनचा, म्हणजे थर उघडे दिसतात त्या काठाचा, पाया बुडालाय. स्लाइड मी फेकलेली नाही. पेन्सिलीने तारीख टाकलीय, सॅम्पल नंबरची जागा कोरी ठेवलीय.