१३६ वरून १५१: खोल बर्फासाठी ट्रॅक बदलला, त्याची नोंद

मागच्या हंगामात माझी ६०० सीसीची टू-स्ट्रोक स्नोमोबाइल एकाच दुपारी तीनदा रुतली. तिसऱ्या खेपेला फावड्याने बर्फ उपसताना मागे पाहिलं, तर ट्रॅकने, म्हणजे गाडीला ढकलणाऱ्या फिरत्या रबरी पट्ट्याने, गुडघाभर चर खणून ठेवला होता. ताकद कमी पडत नव्हती, ती सगळी खाली खणण्यात जात होती. म्हणून ठरवलं, इंजिनला हात लावायचा नाही. आधी गाडी बर्फाच्या वर राहील असं पाहायचं.

जुना ट्रॅक १३६ इंची, १५ इंच रुंद, लगची (पट्ट्यावरच्या उभ्या रबरी उंचवट्यांची) उंची सव्वा इंच. दाबलेल्या वाटेवर तो उत्तम चालतो. नवा १५१ इंची, रुंदी तीच, लग सव्वादोन इंच. दोन्हींचा पिच, म्हणजे ज्यांत दात बसतात त्या लागोपाठच्या खाचांमधलं अंतर, २.५२ इंच, हे आधी तपासून घेतलं. पिच जुळला नाही तर ड्रायव्हरचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकांचे, दात ट्रॅकमध्ये बसतच नाहीत. लांबी १५ इंचांनी वाढली, पण ट्रॅक वरूनही परत फिरतो, त्यामुळे खाली टेकणारा भाग वाढतो साधारण साडेसात इंच. रुंदीने गुणलं की ११२ चौरस इंच. दोन बुटांच्या तळव्यांपेक्षा मोठी जागा! ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या रेलही साडेसात इंचच वाढवल्या, मागची चाकं मागे सरकली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला टनेलने, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या बोगद्यासारख्या आवरणाने. लग इंचभर वाढले म्हणजे ड्रायव्हरपाशी ट्रॅक वळतो तिथे इंचभर जास्त जागा हवी. नऊ दातांचे ड्रायव्हर काढून आठ दातांचे घातले. नऊ दातांचा घेर २२.६८ इंच, आठचा २०.१६, त्रिज्येत ०.४ इंच सुटतात. उरलेले ०.६ मूळच्या मोकळ्या जागेतून घ्यायचे होते. ते मिळतात का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मुलं खेळतात त्या क्लेच्या जाड पट्ट्या इंजिन गार ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरवर आणि टनेलच्या छतावर चिकटवल्या आणि ट्रॅक हाताने एक पूर्ण फेरा फिरवला. लगच्या टोकांचे ठसे पट्ट्यांवर ओळीने उमटले. सर्वात पातळ ठशाखाली ९ मिलिमीटर क्ले उरली होती. वेगात ट्रॅक थोडा फुगतो, तरी एवढं मला पुरेसं वाटलं. एक पट्टी मात्र आरपार फाटली होती. तिच्याखाली बोल्टचं टोक टनेलमध्ये डोकावत होतं. जुन्या आखूड लगना ते कधी लागलंच नसणार. तिथले सगळे बोल्ट उलटे फिरवले, आता चपटी डोकी ट्रॅकच्या बाजूला आहेत. हे राहून गेलं असतं तर पहिल्याच फेरीत नव्या लगचे तुकडे उडाले असते.

आठ दातांचा दुसरा फायदाही मोठा आहे. ड्रायव्हर बसवलेल्या शाफ्टच्या एका फेऱ्यात गाडी आता ११ टक्के कमी सरकते, म्हणजे गिअरिंग आपोआप खाली आलं. चेनकेसमधले (शाफ्टला ताकद देणाऱ्या साखळीच्या पेटीतले) स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं, बदलायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. स्पीडोमीटर मात्र जास्त दाखवतो: खरे ४० असताना काटा ४५ वर.

पहिल्या चाचणीत गाडी वर राहिली, पण उतारावर चढताना पूर्ण थ्रॉटलला इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमपेक्षा २०० ने खाली रेंगाळत होतं. उंचीवर हवा विरळ असते, दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते, आणि मोठे लग बर्फ जास्त खेचतात. पुढच्या क्लचमधली वजनं प्रत्येकी २ ग्रॅमने हलकी केली आणि आरपीएम जागेवर आले. कार्बोरेटरवाल्यांना एक कळकळीने सांगतो: उंचीसाठी लहान जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) घातले असतील तर खाली उतरण्याआधी ते बदलाच. खालच्या दाट थंड हवेत मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो.

लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे रेलचा पुढचा भाग किती खाली जाईल ते ठरवणारा पट्टा, एका भोकाने आखूड केला. पुढच्या बाजूने ट्रॅक आता कमी कोनात बर्फाला भिडतो, त्यामुळे खणण्याऐवजी वर चढतो. हँडल किंचित जड झालं, ते मला चालतं.

कालच्या भुसभुशीत बर्फात त्याच उतारावर मुद्दाम मध्येच थांबलो. आधी इथून पुन्हा निघणं अशक्य होतं. थ्रॉटल हळूहळू दाबला, ट्रॅक क्षणभर फिरला, मागचा भाग वीतभर खाली बसला आणि गाडी स्वतःच्या चरातून वर आली. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप केला होता. हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडलो!

परतीच्या कडक वाटेवर स्लाइड्स (रेलखालच्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्या) तापून वास येऊ लागला. त्यांना गारवा आणि वंगण उडत्या बर्फाचंच मिळतं, आणि कडक वाटेवर तो उडत नाही. रेलवर कडक बर्फ खरवडून उडवणारे स्क्रॅचर बसवायचे आहेत, हे पुढचं काम. त्यानंतर रुंद स्की. फूटबोर्डवर अजून बर्फ साचतो, तिथे मोठी भोकं पाडायची आहेत.