पुढची कॉर्व्हेट कशी दिसेल?

गाड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो. शेवरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट सध्या आठव्या पिढीत, म्हणजे सी८ आहे; पुढची नववी पिढी, म्हणजे सी९, कशी दिसेल? गाडी समोर नसताना तुम्ही कशाच्या जोरावर बोलता, हेही त्याला जोडूनच येतं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

मी हेडलाइटपासून सुरुवात करत नाही. सध्याच्या सी८चा बाजूने काढलेला फोटो घेतो, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि पेन्सिलीने मोजक्याच खुणा करतो: दोन्ही चाकांचे मध्य, समोरच्या काचेचा पायथा आणि डिकीची मागची कड. बाकी काही काढलं नाही तरी इंजिन कुठे बसलंय ते यावरून कळतं. काचेचा पायथा पुढच्या चाकाजवळ सरकलेला असेल, तर इंजिन पाठीमागे गेलंय. सी७पर्यंत तिथे लांबलचक बॉनेट होतं. एप्रिल २०१९मध्ये काळ्यापांढऱ्या नक्षीच्या वेष्टनात गुंडाळलेली सी८ न्यूयॉर्कमध्ये फिरवली गेली, तेव्हा अंगावर १८ जुलै ही अनावरणाची तारीख होती. नक्षीमुळे घड्या-वळणं दिसत नव्हती, पण काच पुढे आलेली लपत नव्हती. झोरा आर्कस-डंटोव्ह या कॉर्व्हेटच्या इंजिनिअरने चालकामागे इंजिन असलेली प्रायोगिक गाडी १९६०मध्येच बांधली होती. कारखान्यातून तशी कॉर्व्हेट यायला २०२० उजाडलं, आणि डंटोव्ह १९९६मध्येच गेले होते. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सी९चं इंजिनही चालकामागे, गाडीच्या मध्यभागीच राहणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरा प्रश्न आहे पाठीचा. सी८चा मागचा भाग जड दिसतो, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेलच, आणि ती मला पटते. पण त्याला कारण आहे. त्या डिकीत दोन गोल्फ बॅगा मावाव्या लागतात, शिवाय काढलेलं छतही तिथेच ठेवायचं असतं. सलग, रुंद छत आडवं ठेवायचं म्हटलं की तेवढी जागा लागतेच. मग डिझायनरने कितीही रेघा ओढल्या तरी शेपूट आखडत नाही. काढता येणारं छत कॉर्व्हेटच्या कूपेत, म्हणजे टणक छताच्या मॉडेलमध्ये, १९६८पासून चालत आलंय. ते सोडून देतील असं मला वाटत नाही, आणि त्यांनी सोडूही नये.

इथे मला १९६३ची कॉर्व्हेट आठवते. छताच्या मध्यावरून निघालेला कणा मागच्या काचेचे दोन भाग करत थेट शेपटापर्यंत उतरतो. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांनी हट्टाने तो ठेवला होता. डंटोव्ह यांचा विरोध होता, कारण मागचं दिसत नव्हतं. १९६४मध्ये काच पुन्हा सलग झाली. २०२५मध्ये जनरल मोटर्सच्या ब्रिटनमधल्या स्टुडिओने भविष्यातल्या कॉर्व्हेटची एक कल्पना मांडली, तिच्यातही तो कणा होता. ती गाडी उत्पादनासाठी नाही, हे कंपनीने स्पष्ट सांगितलं. तरी त्या स्टुडिओलाही तीच रेघ खुणावत होती, याचा मला फार आनंद झाला. आणि डंटोव्ह यांचा आक्षेप आज तेवढा टिकत नाही. सी८मध्ये कॅमेऱ्यावर चालणारा आरसा मिळतो. मागचं बघायला काचेतून नजर जावी लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. कणा छतावरून जाणार आणि छत तर काढायचं. काढलं की कणा तुटला. यावरचं उत्तर मला १९६८च्या गाडीत दिसतं. तेव्हाचं छत टी-टॉप होतं: मधे कायमचा दांडा आणि दोन्ही बाजूंना काढता येणारे दोन तुकडे. हा दांडाच कणा होऊ शकतो. दोन तुकडे एकावर एक ठेवले की डिकीतली जागाही कमी व्यापतात, आणि मग शेपूट आखडायला वाव मिळतो. टी-टॉपला सांधे जास्त, म्हणजे पाणी झिरपायच्या जागाही जास्त. १९८४च्या सी४मध्ये तो जाऊन एकच सलग छत आलं होतं. पण मधला दांडा शरीराला ताठपणाही देतो. मला विचाराल तर सी९ने हाच रस्ता धरावा. गोल्फ बॅगांचं काय करायचं, ते मात्र मला अजून सुटलेलं नाही.

आतल्या भागाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सी८मधली बटणांची ती लांब रांग २०२६च्या मॉडेलमध्ये गेलीच आहे. काळजी वाटते ती टेललाइटची. १९६१पासून मागे चार दिवे ही कॉर्व्हेटची खूण आहे. सी७ने त्यांचा गोलपणा घालवला तेव्हा चाहते केवढे दुखावले होते! आता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच प्रकाशाची पट्टी लावायची पद्धत बोकाळली आहे. रात्री हमरस्त्यावर पुढे चाललेली गाडी कोणाची, हे त्या पट्टीवरून ओळखू येत नाही. चार दिवे लांबून ओळखू येतात.

माझ्या ट्रेसिंग पेपरवर सध्या दांड्याची रेघ आहे आणि डिकीची कड सी८पेक्षा बोटभर आत घेतली आहे. दिवे मात्र चारच काढलेत.