किल्ली कुणी दिली?

जपानला नागोयात आल्यावर ऑफिसच्या मंडळींबरोबर पहिल्यांदा इझाकायात गेलो. इझाकाया म्हणजे आपला बारच, फक्त आम्ही गेलो तिथं चपला बाहेर काढाव्या लागल्या. ऑर्डर घ्यायच्या आधीच पोरीनं विचारलं, "गाडी कोण चालवणार?" हिला काय पंचाईत, असं मनात आलं.

पंचाईत होती. जपानमध्ये पिऊन चालवणारा तर गुन्हेगार ठरतोच, पण चालवणार हे ठाऊक असून पाजणारा आणि शेजारी बसणाराही अडकतो. गाडी देणाऱ्याला तर चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. २००६ साली फुकुओकात एका दारुड्या ड्रायव्हरच्या धडकेनं अख्खं कुटुंब गाडीसकट पुलावरून समुद्रात पडलं, तीन लेकरं गेली. पुढच्याच वर्षी कायदा असा कडक झाला. लोक पितात, भरपूर पितात. मग 'दाइको'ला फोन करतात. दोघं येतात, एकजण तुमची गाडी घरी नेतो, दुसरा त्याला परत न्यायला मागून येतो.

बरं, मर्यादा काही जगावेगळी नाही. श्वासाच्या लिटरला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम या मर्यादेच्या आसपासच. आणि आपल्या मोटार वाहन कायद्यातही चिथावणी देणाऱ्याला, साथ देणाऱ्याला कलम १८८ आहे. आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात त्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

तिकडं गावची लक्ष्मी यात्रा म्हणजे घरटी मटण आणि पंगतीवर पंगत. पाहुण्याला कोरडं पाठवलं तर वर्षभर बोलणी. गोवा हाकेवर, चोर्ल्याच्या वाटेनं स्वस्त माल येतो. त्या वर्षी मागच्या खोलीत ग्लास मीच भरत होतो. धाकटे मामा उठले तेव्हा पाय लटपटत होते. "ऱ्हावा की मामा आज," म्हटलं. "काय होत नाय रे बाळ, सवय हाय." खुंटीवरची किल्ली मीच काढून दिली.

नाक्याच्या अलीकडं सायकलवरचा दूधवाला उडाला, जागीच गेला. मामांच्या पायात सळी आहे, अजून लंगडतात. दूधवाल्याची बायको बेळगावात घरकामाला जाते. मामांवर केस झाली. माझं नाव कुठंच आलं नाही, आणि मलाही ते बरंच वाटलं होतं.

यंदा पुन्हा यात्रा आहे. परवा आईला फोनवर म्हटलं, माळ्यावरच्या सगळ्या सतरंज्या काढून उन्हात घाल. ती म्हणाली, "एवढ्या कशाला? कोण ऱ्हाणार हाय?"